संकल्पचित्रांतील माहितीचा परतीचा प्रवास

पाणीपुरवठा योजना असो, रस्ता असो वा मलवाहिनी असो, तिचे संकल्पचित्र आज संगणकावर तयार होते. तथापि ते एकाच संगणकावर आणि एकाच हाताखाली पूर्ण होत नाही. सर्वेक्षकाने घेतलेली मापे आरेखकाकडे येतात, आरेखकाच्या नकाशातील नलिकांची यादी अंदाजपत्रक करणाऱ्याकडे जाते, उपअभियंता तीत दुरुस्त्या सुचवितो आणि त्या दुरुस्त्या पुन्हा मूळ नकाशात उतरवाव्या लागतात. या जाण्यायेण्यासाठी माहिती मूळ आज्ञावलीतून बाहेर काढून साध्या तक्त्याच्या रूपात मांडण्यात येते. तक्ता सर्वांना वाचता येतो व त्यातील आकडे बदलणे सोपे असते. दुरुस्ती झाली की तोच तक्ता मूळ आज्ञावलीत परत घ्यावयाचा असतो.

अडचण येते ती या शेवटच्या टप्प्यावर. माहिती बाहेर काढणे सहज साधते. परत घेताना मात्र तक्ता नाकारला जातो, किंवा कोणतीही तक्रार न करता चुकीच्या रूपात स्वीकारला जातो. या दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होय. नाकारलेल्या तक्त्याने अर्धा दिवस वाया जातो. चुकीने स्वीकारलेला तक्ता नकाशात, नकाशातून अंदाजपत्रकात आणि अंदाजपत्रकातून जमिनीत जातो. एकदा चर बुजवून वर डांबर पडले की चुकीच्या व्यासाची नलिका शोधण्यासाठी रस्ता पुन्हा खणण्यावाचून गत्यंतर नसते. अमेरिकेतील मोठ्या बांधकाम उद्योगात निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये माहितीची सुरळीत देवघेव न झाल्यामुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे १,५८० कोटी डॉलर असल्याचा अंदाज तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला होता. हा प्रश्न केवळ संगणककक्षातील नाही, तो सार्वजनिक पैशाचा आहे, हे यावरून दिसून येते.

वाचावयाचा तक्ता आणि परतावयाचा तक्ता

बहुतेक चुकांचे मूळ एका गैरसमजात आहे. माणसाने वाचावयाचा तक्ता आणि यंत्राने परत घ्यावयाचा तक्ता हे दोन्ही दिसावयास सारखे असले तरी त्यांचे काम भिन्न असते.

वरिष्ठांकडे सादर करावयाच्या तक्त्यात ठळक मथळा असतो, एकाच गावाचे नाव दहा ओळींत पुन्हा न लिहिता एका जोडचौकटीत मधोमध मांडलेले असते, तळाशी एकूण बेरीज असते आणि महत्त्वाच्या ओळींना रंग दिलेला असतो. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी हे सर्व योग्यच आहे. परत जाणाऱ्या तक्त्यात मात्र यातील प्रत्येक सोय अडथळा ठरते. आज्ञावली एका वेळी एक ओळ वाचते. 'वरीलप्रमाणे' या खुणेचा अर्थ तिला कळत नाही. जोडलेल्या चौकटी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरताना पहिल्या ओळीतच मजकूर राहतो व खालच्या ओळी रिकाम्या पडतात. बेरजेची ओळ ही आणखी एक नलिका आहे असे समजले जाते. रंग तर फाइलीत उतरतच नाही. 'पिवळ्या ओळी बदलल्या आहेत' ही सूचना तेथेच नष्ट होते.

यास्तव पहिला नियम असा की परतावयाच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण असावी, प्रत्येक रकान्यात एकाच प्रकारची माहिती असावी आणि मथळ्यांची ओळ एकच असून ती आज्ञावलीने दिली तशीच ठेवावी. सादरीकरणासाठी सजविलेली प्रत वेगळी करावी; ती परत पाठवू नये.

ओळखीचा रकाना

कार्यालयात आलेल्या प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक पडतो. उत्तर कितीही दिवसांनी गेले तरी त्या क्रमांकावरून ते मूळ पत्राशी जोडले जाते. नकाशातील वस्तूंचेही तसेच आहे. नकाशातील प्रत्येक रेषा, प्रत्येक झडप, प्रत्येक खांब यांना आज्ञावली स्वतःहून एक ओळखक्रमांक देते. तक्ता परत आल्यावर कोणती ओळ कोणत्या वस्तूची, हे तिला केवळ या क्रमांकावरून कळते.

ऑटोकॅडचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्यातील ॲटआउट ही आज्ञा नकाशातील खुणांना जोडलेले गुणधर्म एका मजकूर-फाइलीत बाहेर काढते आणि ॲटइन ही आज्ञा ती दुरुस्त फाइल परत घेते. या फाइलीच्या पहिल्या रकान्यात वस्तूचा ओळखक्रमांक, ज्यास तेथे हँडल म्हणतात, आणि दुसऱ्यात खुणेचे नाव असते. पुढील रकान्यांत गुणधर्म येतात. ज्या वस्तूस एखादा गुणधर्मच नसतो, तेथे कोनकंसांची जोडी छापलेली असते. रकाने टॅबच्या खुणेने वेगळे केलेले असतात.

हँडल षोडशमान पद्धतीने लिहिले जाते. म्हणजे शून्य ते नऊ या अंकांबरोबर इंग्रजीतील ए ते एफ ही अक्षरेही त्यात येतात. त्यामुळे एखाद्या झडपेचे हँडल '२ई५' असे असू शकते. एक्सेलसारख्या तक्त्याच्या आज्ञावलीला मात्र हे दोनावर पाच शून्ये, म्हणजे दोन लाख, असे लिहिण्याची शास्त्रीय रीत वाटते, आणि ती ओळख पुसून तेथे संख्या बसविते. हे टाळण्यासाठीच ॲटआउट प्रत्येक हँडलच्या आधी एक उलटा स्वल्पविराम छापते. हा स्वल्पविराम कचरा आहे असे समजून एखादा नीटनेटका लिपिक सर्व रकान्यातून तो काढून टाकतो आणि त्या सफाईबरोबर तक्त्याचा परतीचा मार्गही बंद होतो. कोनकंसांच्या जोडीचीही हीच कथा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हँडल हे त्या एका नकाशापुरतेच अर्थपूर्ण असते. वस्तू दुसऱ्या नकाशात नकलून नेल्या की त्यांना नवे हँडल मिळते. म्हणून तक्ता ज्या नकाशातून निघाला, त्याच नकाशात तो परत गेला पाहिजे. दरम्यानच्या काळात कोणी वस्तू पुसून पुन्हा काढल्या असतील तर त्या ओळी निराधार होतात.

गावाच्या किंवा ठिकाणाच्या नावास ओळख मानणे हा मोह आपल्या भागात विशेष टाळावयास हवा. गोव्यातील अनेक गावांची नावे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने एका तऱ्हेने, नव्या वळणाने दुसऱ्या तऱ्हेने व देवनागरीत तिसऱ्या तऱ्हेने लिहिली जातात. सांखळी आणि कुंकळ्ळी ही परिचित उदाहरणे होत. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली बेळगावी झाले. त्यापूर्वीच्या व नंतरच्या अभिलेखांत ते एकच शहर दोन नावांनी आढळते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक आहे. नाव वाचण्यासाठी असावे, जुळणी मात्र संकेतांकानेच करावी.

परस्पर बदलणारे आकडे

तक्त्याची आज्ञावली प्रत्येक चौकटीतील मजकुराचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करते. हा तिचा गुण हिशेबाच्या कामी उपयोगी पडतो. अभियांत्रिकी माहितीच्या बाबतीत तोच दोष होतो. '००७' या संधिबिंदूचे '७' होते आणि तो मूळ जाळ्यात सापडेनासा होतो. '३-४' असे नाव असलेला नलिकेचा तुकडा भारतीय मांडणीच्या संगणकावर ३ एप्रिल बनतो. '१/२' हे इंचातील माप असले तरी त्याची तारीख होते. बारा किंवा त्याहून अधिक अंकांचा संकेतांक शास्त्रीय पद्धतीने आखडून लिहिला जातो, आणि फाइल जतन करताना शेवटचे अंक कायमचे गळतात.

हा दोष किती चिवट आहे हे जीवशास्त्राच्या क्षेत्रात दिसून आले. काही जनुकांची लघुनामे 'मार्च' व 'सेप्ट' या अक्षरांनी सुरू होत असत, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करीत असे. अखेर मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने २०२० साली ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. असे आपोआप होणारे रूपांतर बंद ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. तथापि ती प्रत्येक संगणकावर चालू केलेली असेल असे गृहीत धरता येत नाही. सुरक्षित मार्ग असा की फाइलीवर दोनदा टिचकी मारून ती सरळ उघडू नये. आधी कोरा तक्ता उघडून मजकूर-फाइल आत घेण्याची आज्ञा द्यावी आणि त्या वेळी ओळखीचे सर्व रकाने 'मजकूर' या प्रकारचे म्हणून नेमून द्यावेत.

दशांशांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली सीएसव्ही फाइल जतन करताना एक्सेल मनातला आकडा न लिहिता पडद्यावर दिसणारा आकडा लिहिते. तलांकाच्या रकान्यात एकच दशांश दाखविण्याचे ठरविलेले असेल, तर फाइलीतही एकच दशांश उतरतो. ३० मीटर अंतरावरील दोन तपासकूपांमधील मलवाहिनीस ३०० स एक असा उतार द्यावयाचा असेल, तर तळाच्या पातळीतील फरक अवघा १० सेंटिमीटर असतो. प्रत्येक पातळी एका दशांशावर आणली की तीत ५ सेंटिमीटरपर्यंत चूक येते, आणि दोन्ही टोके विरुद्ध दिशांना सरकली तर तो १० सेंटिमीटरचा फरक जवळजवळ नाहीसा होतो वा दुपटीस जातो. आडवी पडलेली मलवाहिनी वाहत नाही, तुंबते. नकाशात मात्र सर्व काही सुबक दिसत असते.

अक्षांश व रेखांश अंशांच्या दशांशांत लिहिलेले असतील, तर चौथ्या दशांश स्थानाची किंमत सुमारे ११ मीटर असते, हेही विसरू नये. काही जुन्या आज्ञावली संख्येचे सातच सार्थ अंक राखतात. पणजीच्या परिसरातील उत्तरांतर सतरा लाख मीटरांच्या घरात असल्यामुळे, अशा आज्ञावलीतून गेलेला बिंदू साडेबारा सेंटिमीटरच्या टप्प्यांनीच हलू शकतो.

स्वल्पविराम हा आपल्याकडील आणखी एक धोका. १७,१३,२५० असा लाखांच्या पद्धतीने लिहिलेला आकडा सीएसव्ही फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय गेला, तर त्याचे तीन रकाने होतात व पुढील सर्व माहिती दोन घरे उजवीकडे सरकते. हिशेबी मांडणीत ऋण संख्या कंसात दाखविली जाते. आज्ञावली तो कंस वाचू शकत नाही. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्याही बहुतेक अभियांत्रिकी आज्ञावलींना संख्या म्हणून ओळखता येत नाही. म्हणून परतावयाच्या फाइलीत संख्या रोमन मांडणीच्या अंकांत, मध्ये कोणताही विराम न देता आणि दशांशासाठी बिंदू वापरून लिहाव्यात.

एकके: न दिसणारा रकाना

संख्या बरोबर, रकाना बरोबर, ओळख बरोबर; आणि तरीही अर्थ चुकीचा, असे एककांमुळे घडते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी पाठविलेले यान मंगळाजवळ पोचताच नष्ट झाले. यानाच्या छोट्या प्रणोदकांनी दिलेला आवेग एका आज्ञावलीने पौंड-सेकंदांत लिहिला होता. ती फाइल वाचणारी दुसरी आज्ञावली तो न्यूटन-सेकंदांत आहे असे समजत होती. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. तरीही ती फाइल महिनोन्‌महिने वाचली गेली.

असा प्रसंग पाणीपुरवठ्याच्या नित्याच्या कामातही ओढवू शकतो. नलिकांच्या जाळ्याचे गणित करणारी ईपानेट ही आज्ञावली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली प्रथम उपलब्ध करून दिली; ती विनामूल्य असल्यामुळे जगभर वापरली जाते. तिची सर्व माहिती एका साध्या मजकूर-फाइलीत बाहेर काढता येते. चौकटी कंसांतील मथळ्यांनी या फाइलीचे भाग पाडलेले असतात: संधिबिंदू, जलाशय, टाक्या, नलिका, पंप, झडपा, सहनिर्देशक इत्यादी. नलिकांच्या भागात प्रत्येक ओळीवर नलिकेचे नाव, आरंभीचा व शेवटचा संधिबिंदू, लांबी, व्यास, खडबडीतपणाचा गुणांक आणि इतर तपशील ओळीने येतात. या ओळींत एकक कोठेही लिहिलेले नसते. एककांचा निर्णय फाइलीच्या एका वेगळ्या भागातील एकाच शब्दावर अवलंबून असतो. तेथे लिटर प्रति सेकंद असे नमूद असेल, तर लांबी मीटरमध्ये व व्यास मिलिमीटरमध्ये धरला जातो. तेथे अमेरिकी गॅलन प्रति मिनिट असेल, किंवा काहीच नसेल, तर लांबी फुटांत व व्यास इंचांत धरला जातो.

आता समजा, एका अभियंत्याने दुरुस्तीसाठी नलिकांचा व संधिबिंदूंचा भाग तक्त्यात नेला आणि परत आणताना नव्या फाइलीत एककाची ओळ लिहावयाची राहिली. १५० मिलिमीटरची नलिका १५० इंचांची, म्हणजे ३.८१ मीटर व्यासाची झाली. शिवाय पाण्याची मागणी लिटर प्रति सेकंदाऐवजी गॅलन प्रति मिनिट धरली गेल्यामुळे ती सुमारे सोळाव्या हिश्शावर आली. गणित विनातक्रार पूर्ण होते. नलिकांतील घर्षणाने होणारी दाबाची घट जवळजवळ शून्य दिसते आणि शेवटच्या वाड्यापर्यंत उत्तम दाबाने पाणी पोचते असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात त्या वाड्यावर नळ कोरडा राहावयाचा असतो. निष्कर्ष अपेक्षेपेक्षा फार चांगला आला, तर आनंद मानण्यापूर्वी एककांची ओळ पाहावी, हा यातील धडा होय.

रकान्यांचा क्रम आणि उंचीचा आधार

सर्वेक्षणाच्या फाइलीत बिंदूचा क्रमांक, उत्तरांतर, पूर्वांतर, उंची व वर्णन असा एक क्रम रूढ आहे. पूर्वांतर आधी व उत्तरांतर नंतर असा दुसराही क्रम तितकाच रूढ आहे. मथळ्यांची ओळ नसेल तर कोणता क्रम आहे हे आकड्यांवरूनच ताडावे लागते. गोवा व बेळगावी यूटीएम पद्धतीच्या त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतात. पणजीचे पूर्वांतर सुमारे पावणेचार लाख मीटर आणि उत्तरांतर सुमारे सतरा लाख मीटर भरते. या दोहोंची अदलाबदल झाली तर पणजीचा बिंदू श्रीलंकेच्या आग्नेयेस हिंदी महासागरात जाऊन पडतो. अशी ढोबळ चूक नजरेस येते. परंतु स्थानिक आरंभबिंदू धरून केलेल्या लहान सर्वेक्षणात दोन्ही आकडे सारख्याच पल्ल्यातील असतात. तेथे अदलाबदलीने नकाशाचे केवळ आरशातील प्रतिबिंब होते आणि ते सहजी ओळखू येत नाही.

उंचीच्या बाबतीत आधारपातळी लिहिणे आवश्यक असते. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. आपले तलांक सरासरी समुद्रसपाटीपासूनचे असतात. पश्चिम किनाऱ्यावर या दोहोंत ५० मीटरांहून अधिक फरक पडतो व समुद्रकाठच्या बिंदूची उपग्रहीय उंची ऋण चिन्हासह येते. ते चिन्ह चुकून पडले असावे असे समजून पुसून टाकू नये.

मराठी नावांचे जतन

वर्णनाच्या रकान्यात 'देवळाजवळील विहीर' असे मराठीत लिहिणे इष्टच आहे. जागेवर जाणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. मात्र फाइल जतन करताना यूटीएफ-८ ही संकेतपद्धती निवडली पाहिजे. एक्सेलमधील साध्या सीएसव्ही प्रकारात देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि एकदा उमटलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ मजकूर परत मिळत नाही. यूटीएफ-८ निवडल्यास एक्सेल फाइलीच्या आरंभी तीन अदृश्य संकेत घालते. काही आज्ञावली त्यांना पहिल्या मथळ्याचाच भाग समजतात व पहिला रकाना सापडत नाही असे कळवितात. अशा वेळी साध्या मजकूर-संपादकातून ते संकेत न घालता फाइल पुन्हा जतन करावी.

युनिकोडपूर्वीच्या काळातील अनेक अभिलेख विशिष्ट टंकांवर अवलंबून आहेत. तो टंक नसलेल्या संगणकावर त्यांतील मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. अशी माहिती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, नावे वाचून तपासून, मगच नव्या कामात घ्यावी.

ओळींची गळती आणि सरमिसळ

काही वेळा आकडे शाबूत राहतात, पण ओळीच हरवतात. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. २०२० साली इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत या मर्यादेमुळे कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबणीवर पडला. भूपृष्ठाच्या सर्वेक्षणात लाखो बिंदू सहज जमतात. नव्या प्रकारच्या फाइलीची १०,४८,५७६ ओळींची मर्यादाही तेथे अपुरी पडू शकते.

ओळींच्या सरमिसळीचा धोका याहून मोठा. तक्त्यातील एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावला, की ओळखीचे रकाने जागच्या जागी राहतात आणि व्यास मात्र भलत्याच नलिकांना चिकटतात. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे शक्य कोटीतील असल्याने हे दिसून येत नाही. हेझन-विल्यम्स सूत्राप्रमाणे घर्षणाने होणारी घट व्यासाच्या सुमारे ४.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे तोच प्रवाह २०० ऐवजी १०० मिलिमीटर नलिकेतून न्यावयाचा झाल्यास घट सुमारे २९ पट होते. एका चुकीच्या क्रमवारीने मुख्य वाहिनीचा व्यास एखाद्या गल्लीला आणि गल्लीचा व्यास मुख्य वाहिनीला मिळू शकतो.

नकाशाची पूर्ण भूमितीच मजकूर-रूपात बाहेर काढणारे प्रकारही आहेत. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅडबरोबर आलेला डीएक्सएफ हा त्यांपैकी सर्वांत परिचित होय. त्यात प्रत्येक माहिती दोन ओळींच्या जोडीने लिहिली जाते: वरच्या ओळीत माहितीचा प्रकार सांगणारा संकेतांक, खालच्या ओळीत प्रत्यक्ष मूल्य. दहा हा अंक आडव्या सहनिर्देशकाचा, वीस उभ्याचा, तीस उंचीचा, तर आठ हा थराच्या नावाचा. मधली एक ओळ गळली, की त्यापुढे मूल्यांना संकेतांक व संकेतांकांना मूल्य समजले जाते. म्हणून अशी फाइल तक्त्यात घालून हाताने दुरुस्त करण्याच्या भरीस सहसा पडू नये. जे बदलावयाचे ते मूळ नकाशातच बदलावे.

अनुसरावयाची पद्धत

उपरोक्त विवेचनावरून पुढील कार्यपद्धती सुचते.

१. माहिती बाहेर काढताच त्या फाइलीची एक प्रत 'मूळ' म्हणून वेगळी ठेवावी व तिला कोणीही हात लावू नये. सोबत एका चिठ्ठीवजा फाइलीत नकाशाचे नाव, दिनांक, एकके, सहनिर्देशक पद्धती, उंचीचा आधार, रकान्यांचा क्रम आणि एकूण ओळींची संख्या लिहावी.

२. कोणताही बदल करण्यापूर्वी कोरी फेरी करावी. म्हणजे नकाशाच्या एका प्रतीत तीच फाइल जशीच्या तशी परत घ्यावी, पुन्हा बाहेर काढावी, आणि दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. त्या तंतोतंत जुळल्या तरच मार्ग निर्धोक समजावा. दोन मजकूर-फाइली ओळीओळीने ताडण्यासाठी विंडोजमध्ये एफसी ही आज्ञा उपलब्ध आहे.

३. त्यानंतर तक्त्यात फाइल आत घेऊन, काहीही न बदलता, केवळ जतन करून तीच तुलना पुन्हा करावी. तक्त्याच्या आज्ञावलीने परस्पर केलेले सर्व बदल या एका चाचणीत उघडे पडतात.

४. दुरुस्ती केवळ ठरलेल्या रकान्यांतच करावी. ओळखीचे रकाने, मथळे व रकान्यांचा क्रम यांना स्पर्श करू नये. क्रमवारी लावावयाची झाल्यास संपूर्ण तक्ता निवडूनच लावावी. शेरे लिहावयाचे असतील तर ते वेगळ्या फाइलीत लिहावेत.

५. परत घेण्यापूर्वी दुरुस्त फाइल मूळ प्रतीशी ताडावी. बारा नलिकांचे व्यास बदलले असतील, तर बाराच ओळींत फरक दिसला पाहिजे. तेरावी ओळ दिसली तर तिचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

६. परत घेतल्यावर नकाशातील नलिकांची एकूण संख्या, एकूण लांबी, सर्वांत मोठा व सर्वांत लहान व्यास, सर्वांत उंच व सर्वांत सखल तलांक हे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळवून पाहावेत, आणि दोनतीन ठिकाणे प्रत्यक्ष जागेवरील मोजणीशी ताडावीत.

या सहा पायऱ्यांना विशेष साधनांची गरज नाही. पहिल्या वेळी त्यांना एखादा तास लागतो. पुढे पाऊण तासही लागत नाही. काम ठेकेदाराकडून वा सल्लागाराकडून करून घ्यावयाचे असेल, तर केवळ छापील नकाशे आणि सजविलेले तक्ते न घेता, परत घेता येईल अशी मूळ फाइल व तिच्यासोबतची चिठ्ठी यांची मागणी करारातच नमूद करावी. योजना पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी ती वाढविण्याची वेळ येते, तेव्हा मूळ काम करणारे बदलून गेलेले असतात आणि आज्ञावलीही बदललेली असते. साध्या मजकुरात, एककांसह व ओळखीसह जपलेली माहितीच त्या वेळी उपयोगी पडते.

मोजमाप पुस्तिकेतील पाने क्रमांकित असावीत, खाडाखोड स्वाक्षरीसह असावी आणि कोरे पान फाडू नये, हे नियम अभियांत्रिकी खात्यांत फार पूर्वीपासून पाळले जातात. कोणी अविश्वासू आहे म्हणून ते नियम झाले नाहीत. लिहिलेला आकडा दुसऱ्याच्या हाती गेल्यावरही तोच राहावा म्हणून झाले. संगणकातील तक्त्याला पान नाही व शाई नाही, आणि खाडाखोडीचा डागही त्यावर उमटत नाही. म्हणूनच त्या जुन्या शिस्तीची गरज तेथे अधिक आहे.